मुष्टियोद्धा पेटकर
(मार्च १९९७ ची बॅच, दहावी 'ब')

जून २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला, तेव्हा आपल्या बॅचच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आपल्या मेघवाडी, बांद्रेकरवाडीत निम्मी घरं कोकणातली आणि उरलेली घाटावरची, त्यामुळे "अरे, हा तर आपल्या सांगलीकडचा" असं अभिमानाने लिहिणारेही बरेच निघाले. त्या दोन दिवसांत मुरलीकांत पेटकर हे नाव घरोघरी पोचलं. पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून देणारे जलतरणपटू ही त्यांची ओळख आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

ही ओळख खरी आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चित्रपट पाहून घरी येताना माझ्या मनात राहिला तो मधला भाग, हातात ग्लोव्ह्ज घातलेला लष्करातला पोरगा. पेटकर आधी मुष्टियोद्धा होते. पाण्यात ते उतरले ते नाइलाजाने. मुष्टियोद्धा पेटकरांबद्दल आपल्याला किती माहिती आहे, हे शोधायला मी बसले आणि हाती आलं ते फार थोडं. स्मरणिका समितीने माझ्याकडून खरं तर 'शाळेतले खेळ' या विषयावर लेख मागितला होता. शाळेत मी कुठल्याच संघात नव्हते आणि लंगडीत माझा नंबर आला की समोरचा संघ खूश व्हायचा, हे वर्गबंधूंना आठवत असेलच. तेव्हा मी पेटकरांवर लिहिते. शाळेचा संबंध पुढे येईल.

पेटकरांचा जन्म १९४४ सालचा, गाव पेठ, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं. पुणे-बंगळूर रस्त्याने गेलेल्यांना पेठ नाका माहीत असेल. हा सगळा कृष्णाकाठचा पट्टा कुस्तीचा. ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, म्हणजे पेठेहून फार लांबचे नव्हेत. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं तेव्हा पेटकर सातआठ वर्षांचे असतील. त्या वयाच्या पोराने त्या भागात तालमीत जायचं, माती अंगाला लावायची आणि जत्रेतल्या फडात उतरायचं, यात वेगळं काहीच नव्हतं. पेटकरही कुस्तीच खेळत होते. गावातल्या एका वजनदार घरातल्या मुलाला त्यांनी चीत केलं, त्यावरून वाद पेटला आणि त्यांना गाव सोडावं लागलं, असं त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. पुढे ते लष्करात गेले. ईएमई, म्हणजे लष्कराची यंत्रं आणि वाहनं दुरुस्त करणारी शाखा, तिथे ते क्राफ्ट्समन म्हणून होते. (इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आयुष्यभर संगणकासमोर बसलेल्या मला हा हुद्दा वाचून जरा बरं वाटलं.) कुस्तीचा पोरगा मुष्टियोद्धा झाला तो लष्करात.

हे असंच होणं त्या काळी स्वाभाविक होतं, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण बॉक्सिंग हा खेळ आपल्या मराठी घरांत कधी आलाच नाही. वास्तविक संघटित बॉक्सिंगची भारतातली सुरुवात आपल्या मुंबईतलीच. १९२५ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी अमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन स्थापन झालं. देशपातळीवरची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५० साली झाली तीसुद्धा चर्चगेटच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर. पण तो खेळ पारशी, अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती मंडळींचा, रेल्वेचा, गोदीचा आणि पलटणीचा. लालबाग-परळच्या किंवा आपल्या उपनगरातल्या मराठी मुलाला व्यायामशाळा माहीत होती, मल्लखांब माहीत होता, कबड्डी तर रक्तातच. ठोसे मारणं हा खेळ नसून मारामारी आहे असं मानणाऱ्या आया आमच्या चाळीतही होत्या. आमच्या पिढीला बॉक्सिंग कळलं ते मिथुनच्या 'बॉक्सर'मधून, नाहीतर टायसनने होलीफिल्डचा कान चावला त्या बातमीतून. ती बातमी जून १९९७ ची, आपल्या दहावीच्या निकालांच्या दिवसांतली.

म्हणून मराठी मुलगा मुष्टियुद्धाकडे वळायचा तो बहुधा गणवेश अंगावर चढल्यावर. पलटणीत खेळाडूला बरा खुराक मिळतो, सराव करायला वेळ मिळतो, आणि कुस्तीत कमावलेली मान, खांदे, पवित्रा हे सगळं रिंगणात उपयोगी पडतं. साठच्या दशकातले आपले गाजलेले मुष्टियोद्धे पाहिले तर तेही लष्करातले: १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारे पदमबहादूर मल्ल, आणि १९६६ व १९७० अशा लागोपाठ दोन आशियाई स्पर्धांत हेवीवेट गटाचं सुवर्ण जिंकणारे हवासिंग.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला भारताने सात मुष्टियोद्धे पाठवले होते. १९५२ ला हेलसिंकीतही आपले मुष्टियोद्धे होते. त्यानंतर १९५६, १९६०, १९६४, १९६८ या चारही ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकही मुष्टियोद्धा उतरला नाही. पुन्हा उतरले ते थेट १९७२ च्या म्युनिकमध्ये. म्हणजे पेटकर ज्या वयात ठोसे मारत होते, त्या वयात भारतीय मुष्टियोद्ध्यासाठी ऑलिम्पिकचं दार बंदच होतं. उरायच्या त्या आशियाई स्पर्धा आणि सेनादलांच्या स्पर्धा. सैनिकाने जास्तीत जास्त जायचं तर आंतरराष्ट्रीय सेनादल स्पर्धेपर्यंत. १९६४ साली टोकियोला अशी स्पर्धा झाली, पेटकर तिला गेले आणि बॉक्सिंगमध्ये पदक घेऊन आले. वय वीसच्या आसपास. पेठेच्या तालमीतून निघालेला पोरगा जपानमध्ये पदक जिंकतो, हे त्या काळात केवढं मोठं! आणि आज त्या पदकाबद्दल एवढी एक ओळ सोडून आणखी काही हाताला लागत नाही. समोर कोण होतं, किती फेऱ्या झाल्या, कुठल्या ठोशाने सामना फिरला, यातलं काही नाही.

याचं कारण शोधताना माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. त्या काळच्या हौशी बॉक्सिंगमध्ये तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असायच्या. डोक्याला संरक्षक टोप नसायचा, तो आला १९८४ च्या सुमारास. रिंगणाभोवती बसलेले पंच प्रत्येक फेरीचे गुण कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठ्या गोळा व्हायच्या, विजेत्याचा हात वर केला जायचा आणि चिठ्ठ्यांचं काम संपायचं. निकाल उरायचा, सामना उरायचा नाही. पंचांच्या या चिठ्ठ्यांवरून वाद होत राहिले. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सला ज्या पद्धतीने हरवलं गेलं त्यावर इतकी ओरड झाली की १९९२ च्या बार्सिलोनापासून पंचांच्या हाती बटणं आली. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच ठोशाचा गुण धरायचा, असा तो नियम. पहिल्यांदाच प्रत्येक ठोशामागे यंत्रात काहीतरी नोंदलं जाऊ लागलं. पेटकरांना त्याचा उपयोग नव्हता. त्यांचे सगळे सामने चिठ्ठ्यांच्या काळातले.

टोकियोनंतर वर्षभरात युद्ध आलं. १९६५ च्या भारत-पाक युद्धात पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या. त्यातली एक पाठीच्या कण्यात अडकली, ती काढता आली नाही. कंबरेखालचं शरीर लुळं पडलं.

माझी मुलगी गेली दोन वर्षं बॉक्सिंगच्या क्लासला जाते. (आजीचा विरोध अजून मावळलेला नाही.) तिची शिकवणारी ताई पहिल्या दिवसापासून एकच सांगते: पाय चुकले की ठोसा चुकला. आपल्याला वाटतं ठोसा हाताने मारतात. पण मागचा पाय जमिनीला रेटा देतो, तो रेटा कंबर वळवून खांद्यात येतो आणि शेवटी मुठीत उतरतो. मूठ नुसती पोचवायचं काम करते. कंबरेखाली बळ उरलं नाही म्हणजे मुष्टियोद्ध्याचं नेमकं काय गेलं, हे मला तिच्या क्लासच्या बाकावर बसून समजलं. शिवाय अपंगांच्या खेळांत तिरंदाजी आली, टेबल टेनिस आलं, पुढे ज्यूदोही आला, पण पॅरालिम्पिकमध्ये बॉक्सिंग आजतागायत नाही. पेटकरांना त्यांच्या मूळ खेळाकडे परत जायला वाटच नव्हती.

त्यांच्यावर उपचार झाले ते आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, 'अश्विनी'मध्ये. तिथे व्यायामोपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगितलं गेलं. या कल्पनेलाही इतिहास आहे. लुडविग गुटमान नावाचे एक ज्यू डॉक्टर नाझी राजवटीला कंटाळून १९३९ साली जर्मनीतून इंग्लंडला आले. तिथल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांनी सांभाळला. अशा रुग्णाला पलंगावर पडू द्यायचं आणि शेवटाची वाट पाहायची, अशी तोवरची रीत होती. गुटमान यांनी त्यांना उठवून खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. आपले सात मुष्टियोद्धे त्याच वेळी त्याच देशात होते. आज ज्याला आपण पॅरालिम्पिक म्हणतो त्याचं मूळ ही सोळा जणांची स्पर्धा.

पेटकरांना पाणी मानवलं. माझा अंदाज असा, की मुष्टियोद्ध्याने वर्षानुवर्षं कमावलेले खांदे, छाती आणि दम यांतलं काहीच गोळीने नेलं नव्हतं, आणि पाण्यात शरीर तरंगत असल्यामुळे पायांचा भार वाहायची गरज नव्हती. ते काही एकाच खेळावर थांबले नाहीत. भालाफेक, गोळाफेक, टेबल टेनिस, सगळं केलं. १९६८ साली तेल अवीवला ही जागतिक स्पर्धा झाली. मेक्सिकोने यजमानपद नाकारल्यामुळे ती तिकडे गेली होती, आणि भारत त्या वर्षी पहिल्यांदाच सहभागी झाला. पेटकर तिथे टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी जिंकले. १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळवलं. परदेशी जाण्याचा खर्च त्या काळी सरकार करत नसे. त्या कामी त्यांना विजय मर्चंट यांच्या संस्थेचा आधार मिळाला. आपल्या आईवडिलांच्या पिढीला मर्चंट माहीत आहेत ते क्रिकेटपटू म्हणून आणि विविध भारतीवर क्रिकेटवर बोलणारे म्हणून. अपंगांसाठी त्यांनी केलेलं काम त्यांच्या धावांइतकं बोललं जात नाही, आणि माझ्या मते ते त्या धावांपेक्षा मोठं आहे.

मग ऑगस्ट १९७२. म्युनिक ऑलिम्पिकच्या आधी काही दिवस, जर्मनीतल्याच हायडेलबर्गला. खेळाडूंसाठी बांधलेल्या म्युनिकच्या घरांचे पुढे फ्लॅट करायचे होते म्हणून अपंगांची स्पर्धा तिथे होऊ शकली नाही. ज्या देशातून गुटमान यांना बाहेर पडावं लागलं होतं त्या देशात त्यांनी सुरू केलेले खेळ भरले होते. पेटकर ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहले. सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम. (मी अंधेरीच्या तलावात हेच अंतर दोन धडधाकट पायांनी पोहते, मला मिनिटाच्या वर लागतं.) भारताला त्या स्पर्धेत मिळालेलं ते एकमेव पदक. त्यानंतर पॅरालिम्पिकमधलं पुढचं सुवर्ण भारताला मिळालं ते २००४ साली अथेन्समध्ये, देवेंद्र झाझडियांना. मध्ये बत्तीस वर्षं गेली.

टोकियोचं पदक आणि हायडेलबर्गचं पदक, दोन्ही एकाच माणसाची, आठ वर्षांच्या अंतराने मिळालेली. एकाबद्दल आपल्याला सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत माहिती आहे, दुसऱ्याबद्दल फक्त 'पदक मिळालं' एवढंच. घड्याळाने मोजलेली गोष्ट टिकली, माणसांनी पाहिलेली गेली. माझ्या नोकरीत मी रोज हेच बघते. ज्या गोष्टीला आकडा आणि रकाना असतो ती प्रणालीत राहते. ज्याला रकाना नाही ते कुणाच्या तरी डोक्यात असतं, आणि तो माणूस निवृत्त झाला की संपतं.

पण आकडा असूनही पेटकर आपल्यापर्यंत पोचले नाहीत, हेही आहेच. आपण दहावीत असताना, ऑगस्ट १९९६ मध्ये, लिएंडर पेसने अटलांटात कांस्यपदक जिंकलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सरांनी माइकवरून सांगितलेलं तुम्हालाही आठवत असेल: चव्वेचाळीस वर्षांनी भारताला वैयक्तिक पदक, याआधी फक्त आपले खाशाबा जाधव. टाळ्यांनी पटांगण दणाणलं. त्याच स्पर्धेची ज्योत मुहम्मद अलींनी थरथरत्या हाताने पेटवली होती, तेही सरांनी सांगितलं. पेटकरांचं नाव आलं नाही. सरांकडे ते नव्हतंच. आमच्या सामान्यज्ञानाच्या गाइडमध्येही नव्हतं. हायडेलबर्गची स्पर्धा तेव्हा 'आंतरराष्ट्रीय स्टोक मँडेव्हिल क्रीडा स्पर्धा' या नावाने भरली होती. 'पॅरालिम्पिक' हे नाव अधिकृत झालं ऐंशीच्या दशकात. पदकतालिकेत ते सुवर्ण कुठे बसवायचं हे वर्तमानपत्रांना कळायलाही वेळ लागला. २००८ मध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं तेव्हाही 'भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण' हेच मथळे होते. ऑलिम्पिकपुरतं ते बरोबर. पण त्याच्या छत्तीस वर्षं आधी एक सुवर्ण घरी येऊन पडलेलं होतं, हे सांगायला एक ओळ पुरली असती.

या न सांगितलेल्या ओळीचं मोल मला समजलं ते माझ्या एका मैत्रिणीमुळे. तिचं नाव इथे लिहिलेलं तिला आवडणार नाही, पण 'ब' तुकडीतल्या सगळ्यांना ओळख पटेल. लहानपणी पोलिओ झालेला, पायाला कॅलिपर. पी.टी.च्या तासाला आपण पटांगणात उतरायचो आणि ती पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर बसायची. तिला कंटाळा येऊ नये म्हणून सरांनी तिच्याकडे क्रीडा-नोंदवही दिली, आणि ती मायेनेच दिली होती. तीन वर्षं तिने ती वही सांभाळली. खो-खोचे डाव, कबड्डीचे गुण, शंभर मीटरच्या वेळा, सगळं निळ्या शाईत, खाडाखोड न करता. आपल्यापैकी कोण कधी जिंकलं याचा पुरावा आज असेल तर तिच्या हस्ताक्षरात आहे. वहीत तिचं स्वतःचं नाव मात्र कुठेच नाही, कारण नाव खेळणाऱ्याचं लिहायचं होतं.

चित्रपट पाहून रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला. "१९७२! माझ्या जन्माच्या नऊ वर्षं आधी. एवढं सगळं होतं आणि आपल्याला कुणीच कसं सांगितलं नाही?" थोड्या वेळाने आणखी एक: "मला वाटायचं पायऱ्यांवर बसणं हाच माझा खेळ आहे." ती आज एका बँकेत वरिष्ठ अधिकारी आहे, दोन मुलं आहेत, तिचं काही अडलेलं नाही. रडगाणं गाणाऱ्यातली ती नव्हेच. तरी त्या दुसऱ्या मेसेजला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही. पेटकरांवर अन्याय झाला असं आपण म्हणतो तेव्हा मनात पुरस्कार असतो. पण त्यांचं नाव सरांच्या माइकपर्यंत पोचलं असतं तर त्या सकाळी टाकीजवळच्या पायरीवर बसलेल्या मुलीने ते ऐकलं असतं. तिने पुढे काय केलं असतं ते सोडा, पण निदान विचारलं तरी असतं.

पुरस्काराची हकीकत थोडक्यात सांगते. पेटकरांनी पुढे पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. अर्जुन पुरस्कारासाठी १९८२ साली केलेला अर्ज नाकारला गेला, असं त्यांनी सांगितलेलं आहे. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रपटानंतर, जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, राष्ट्रपती भवनात अर्जुन पुरस्कार, जीवनगौरव विभागात. खाशाबांना तो मरणोत्तर मिळाला होता, पेटकरांनी तो स्वतःच्या हाताने घेतला. त्या दिवशी सकाळी ग्रुपवर पहिला मेसेज माझ्या मैत्रिणीचा होता. पुरस्काराच्या यादीत नावापुढे खेळ लिहिलेला असतो, तिथे होतं 'पॅरा-जलतरण'. मुष्टियुद्ध नाही. तेवढीच जागा होती, हे मला समजतं.

आता शाळेबद्दल. गेल्या दिवाळीत शिक्षकांच्या खोलीतली जुनी लोखंडी कपाटं रिकामी करायची होती. मुख्याध्यापिका बाईंनी आपल्यापैकी चौघींना बोलावून घेतलं, "रद्दीत जाण्याआधी बघून घ्या" म्हणाल्या. त्यात क्रीडा-नोंदवह्या सापडल्या, एकूण अकरा. काहींना वाळवी लागलेली, दोन २६ जुलैच्या पाण्यात भिजून पानं चिकटलेल्या. स्कॅन करणं, नावं देणं, शोधता येतील अशा रीतीने लावणं, हे काम मला येतं म्हणून मी त्या घरी आणल्या. सहा झाल्या आहेत, पाच बाकी आहेत. मैत्रीण दर रविवारी येते आणि पुसट अक्षरं लावून देते. तिच्या स्वतःच्या तीन वर्षांच्या वह्यांच्या पहिल्या पानावर 'नोंदी ठेवणार' म्हणून तिचं नाव टाकूया, असं मी सुचवलं. ती नको म्हणाली, मी टाकलं. आणि हो, स्नेहमेळावा आधी दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात ठरला होता. तिने फक्त "लिफ्ट आहे का?" एवढं विचारलं आणि समितीने कार्यक्रम त्याच दिवशी पटांगणात हलवला, त्याबद्दल समितीचे आभार.

तुमच्याकडे शाळेतल्या खेळांची प्रमाणपत्रं, फोटो, संघाच्या याद्या असतील तर मेळाव्याला येताना घेऊन या. तिथेच स्कॅन करून परत देऊ. मजासवाडी, शामनगरकडच्या जुन्या बॅचवाल्यांनी तर नक्कीच, कारण १९८५ च्या आधीचं फार कमी आहे. आणि एक विचारायचं आहे. १९७८-७९ च्या वहीत शेवटून तिसऱ्या पानावर एक ओळ आहे: 'मुष्टियुद्ध, इयत्ता नववी, उपांत्य फेरी.' आपल्या शाळेत बॉक्सिंग कधी नव्हतं, म्हणजे तो मुलगा बाहेर कुठेतरी शिकत असणार. नावाच्या जागी शाई पसरली आहे. पहिलं अक्षर 'द' असावं असं मैत्रिणीचं म्हणणं आहे, मला ते 'ह' वाटतं. त्या वर्षी नववीत असलेल्या कुणाला तो आठवत असेल तर कृपया समितीला कळवा.